बंद करू नये

—नाही हो, कागद तयार हाये, कागदाचं काही नाही, दोन मिन्टाचं काम — शिक्का तेवढा राह्यला, अन् हे शाईचं पॅड पाहा, उन्हानं पार कोरडं पडलं. थांबा, पाण्याचे दोन थेंब टाकतो. बसा ना, उभे काऊन? तो स्टूल नका घेऊ, त्याचा एक पाय लंगडा हाये, इकडं खुर्चीवर बसा, पंख्याखाली. धामणगावाहून आले म्हणजे मोताळा, बुलडाणा, मंग चिखली — दोन गाड्या तं बदलल्याच असतीन. तीन? मंग तं बसाच. चहा सांगतो. नाही घेत? उन्हाचा नाही घेत. बरं. पाणी तं घ्या. तुमच्या गटाच्या अध्यक्ष पुष्पाबाईचा सकाळीच फोन आला होता — राजकुमारभाऊ, माणूस धाडून राह्यली, आजच्या आज कागद द्या, उद्या बचत गटाची बैठक हाये, आता उद्या-परवा नका करू. बरोबर हाये त्यायचं. तीन हप्ते झाले, मी त्यायले उद्या-परवाच करून राह्यलो. कामं असतात, दुसरं काय. दुकानात माणूस मी एकटा. तुम्ही गटाच्या गाडीवर असता का? नाही? मंग कोणाचे तुम्ही? — दीपक. दीपकभाऊ. बरं. — पूनमचे? म्हणजे ती मशीनवर बसणारी पूनमबाई, तिचे घरवाले तुम्ही?

अस्सं. — नाही, काही नाही. मले वाटलं पुष्पाबाई दुसऱ्या कोणाले धाडतीन. पाणी प्या ना, फिल्टरचं हाये. आता तुम्हीच आले तं वाचून दाखवतो, मांगून बोल नको. ऐका — 'सदर अंडी उबवण यंत्राची व त्यावरील नियंत्रण पेटीची समक्ष तपासणी केली असता त्यात कोणताही दोष आढळून आला नाही. झालेले नुकसान हाताळणीतील चुकीमुळे झाल्याचे दिसून येते.' खाली माही सही. बस, एवढंच. नाव टाकलं का कोणाचं? नाही टाकलं. पुष्पाबाई म्हणत होत्या टाका, म्हटलं नाही बाई, नाव टाकणं माह्यं काम नाही. हाताळणी म्हटलं का झालं, हाताळणी काय कोणाचीही असू शकते — हो, तेही बरोबर हाये तुमचं, त्या दिवशी मशीनवर एकच बाई होती. बरोबर हाये. पण नाव म्यां नाही टाकलं. घ्या, फाईल आणली वाटते तुम्ही? प्लास्टिकची. चांगलं केलं, मुडपत नाही. ठेवा. शिक्का राह्यला का? आणा, हे पाहा, उमटला — थोडा फिका उमटला, चालते.

आता तुमची परतीची गाडी किती वाजताची? साडेचारची? मंग लय वेळ हाये अजून, त्या स्टँडवर उन्हात बसण्यापेक्षा इथं बसा. मलेही जराक सोबत होईन. हे पाहा, तुम्ही आले तवा मी हेच उघडून बसलो होतो — पुण्याहून मेल हाये, शंतनुचा. शंतनु म्हणजे माहा भागीदार, पॉलिटेक्निकले संगं होतो आम्ही. पेट्या मी जोडतो इथं, त्याच्यातलं सॉफ्टवेअर तो लिहिते तिथून. त्याले पाच वाजेपर्यंत तारीख कळवा लागते. कायची तारीख? — तुमाले सांगून समजन का नाही काय माहीत. समजन, काऊन नाही समजन. शेतकऱ्याले सगळं समजते. पाहा, पेटीत एक लहानसा कॉम्प्युटर असते. त्याच्यावर आमचं सॉफ्टवेअर — किती तापलं पाहा, हीटर लाव, हीटर बंद कर, ओल पाहा, अंडी फिरव. पण हे सॉफ्टवेअर काही हवेत नाही बसत. त्याच्या खाली अजून एक असते, त्याले कर्नल म्हणतात. सगळ्यात खालचा कारभारी समजा. आमचं सॉफ्टवेअर सोता बटन नाही दाबत, ते कर्नलले सांगते, अन् कर्नल दाबते. हा कर्नल आपण नाही बनवत — जगभरातले लोक बनवतात, फुकट देतात, सारखा नवा काढतात. जुन्याचीही डागडुजी करतात काही वर्षं. मंग एक दिवस म्हणतात, पुरे झालं, आता जुन्यावर बसाचं असंन तं तुमचं तुम्ही पाहा.

आता सवाल असा हाये, का आमच्यासारख्यायनं जुन्या कर्नलवाल्याले किती दिवस सांभाळाचं? हेच इचारून राह्यला शंतनु. सोपं वाटते ना? मलेही सोपंच वाटत होतं. एक म्हणाचं, बाबा, ज्यानं आपल्या भरोशावर पेटी घेतली त्याले मधातच सोडू नये. खरं हाये. पण दुसरं पाहा — जुना धरून ठेवला का प्रत्येक गोष्ट दोनदा लिहा लागते, एकदा नव्यासाठी, एकदा जुन्यासाठी, दोनदा तपासा लागते, एका घरात दोन चुली, अन् पेटवणारा एकच. शंतनु बिचारा नोकरी करून हे करते. वरून जुन्याले भोकं पडलेले, ते कोणी बुजवत नाही आता, उद्या कोणी रिकामटेकडा आत शिरला अन् तुमच्या हीटरशी खेळत बसला तं? म्हणजे जुन्याले धरून ठेवणं हेही काही पुण्याचं काम नाही. सहा वर्षं धरलं आम्ही. सहा! मोठमोठ्या कंपन्या नाही धरत. तं कधी तरी सोडाच लागते का नाही? लागते. हे चूक नाही. हे मी आजही म्हणतो, का सोडणं चूक नव्हतं.

म्हणून दिवाळीत नवा कर्नल सगळ्या पेट्यायले धाडला. पेटीत सिम असते, त्याच्यावरून आपोआप जाते, आत जाऊन बसून राहते. पण चालू नाही होत. कर्नलचं असं हाये, का पेटी एकदा बंद करून चालू केली का मंगच नवा उठते. तोवर जुनाच चालवत राहते. एकूण दोनशे साठ पेट्या आपल्या, इकडं धामणगावापासून तिकडं मेहकरपर्यंत. होळीले पाह्यलं तं दोनशे एकोणीस नव्यावर आल्या, एकेचाळीस जुन्यावरच. शंतनु म्हणे, राजा, या एकेचाळीसचं काय करू, थांबू का अजून? मले आला राग. म्हटलं, हे लोक असेच राहतात, सगळं हातात नेऊन द्या, तरी यायचा हात उचलत नाही, एक बटन दाबायचा आळस, कायले थांबतो यायच्यासाठी, दे सोडून. त्यानं पुन्हा इचारलं बरं. दोनदा इचारलं. म्हणे, नक्की का? म्हटलं, नक्की. टाक काढून जुन्याचं. अन् पुढं काय होईन हे मलेही माहीत होतं — नवं सॉफ्टवेअर जुन्या कर्नलवर गेलं का चालणार नाही, अडलेल्या बैलासारखं जागच्या जागी उभंच राहीन. म्हटलं, राहू दे उभं, मंग करतीन फोन, शिकतीन.

आळशी. — तुमाले सांगतो दीपकभाऊ, या एका शब्दानं माही झोप नेली. कोण होते ते एकेचाळीस? नंतर एकेका पेटीची नोंद काढून पाह्यली म्यां. आळशी नव्हते हो. पाह्यलंय ना तुम्ही, पेटीवर लाल रंगानं काय लिहलं असते? बंद करू नये. ते कोणी लिहलं? म्यां. माह्या हातानं, प्रत्येक पेटीवर, ब्रश घेऊन. सुरुवातीच्या पेट्यायले लाइट गेली का आतलं कार्ड खराब होये, म्हणून इन्व्हर्टर लावून दिले अन् वरून हे लिहलं. गावोगाव बायायले सतरंजीवर बसवून वदवून घेतलं — बायांनो, काय करायचं नाही? बंद करायची नाही! शाळेतल्यासारखं. तुमच्या गावच्या बायायनं तं दसऱ्याले पूजा केली तवाही बंद नाही केली, चालू पेटीलेच हळदकुंकू लावलं, हार घातला, मले फोटो धाडला — पाहा भाऊ, तुमचा शब्द पाळला. म्यां तो फोटो शंतनुले दाखवला, हसलो आम्ही. तं ज्यायनं माह्यं ऐकलं नाही, पोरायनं बटन दाबलं, अंडी नव्हते तवा बंद करून ठेवली, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आटू दिलं अन् लाइट गेल्यावर पेटी बंद पडली — ते सगळे आपसूक नव्यावर आले. अन् ज्यायनं तीन-तीन, चार-चार वर्षं माह्या शब्दाखातर पेटीले हात नाही लावला, तेच जुन्यावर राह्यले. त्यायलेच म्यां आळशी म्हटलं. त्यायलेच सोडलं. पेटीच्या पडद्यावर खाली बारीक ओळ येत होती का बंद करून चालू करा म्हणून, पण इंग्रजीत. ती मराठीत करू म्हटलं होतं म्यां. राहून गेली. तुमच्या पेटीवरही येतच असंन ती, पण वहिनीले काय —

नाही, तुमची पेटी म्हणजे — मी आपलं उदाहरण देऊन राह्यलो. एकेचाळीसमधी कोणीही असू शकते. गाडी साडेचारचीच ना? घड्याळ पुढं हाये हे, दहा मिन्ट. तुम्ही निघालेही तरी चालन आता, रसवंतीवर बसा, तिथं सावली — नाही म्हणता? बसता? बसा. असं पाहू नका हो माह्याकडं. इचारा ना काय इचाराचं ते. हाव. हाव, होती. एकेचाळीसमधी तुमची होती. नवं सॉफ्टवेअर एकदम सगळ्यायले नाही धाडत आम्ही, आधी पाच पेट्या घेतो. त्या पाचमधी चार रिकाम्या होत्या, अंडी नव्हते. पाचवी तुमची. साडेसहाशे अंडी, अन् विसावा दिवस, एकविसाव्याले पिल्लं निघणार.

ते लेकाचं सॉफ्टवेअर त्या मंगळवारी दुपारी बाराले गेलं. कर्नल जुना पाहून उभं राह्यलं. अन् ज्या घडीले उभं राह्यलं त्या घडीले हीटर चालू होता, तो चालूच राह्यला. बंद कर म्हणणारं कोणी नाही. पडद्यावर तापाचा शेवटचा आकडा तसाच गोठून बसला — साडेनव्याण्णव. पाहणाऱ्याले वाटन, सगळं बरोबर. अन् मी कुठं? अमडापूरले, साडूच्या पोरीचा साखरपुडा. फेटा बांधून पहिल्या ओळीत बसवलं मले, डीजे चालू. साडेबाराले फोन आला. भाऊ, पडद्यावर साडेनव्याण्णवच दिसून राह्यलं, पण काचेले हात लावला तं चटका बसून राह्यला. मी काय म्हणलो माहीत हाये? हसलो. म्हटलं, वहिनी, हातानं ताप पाहायले ते काय लेकरू हाये का? पडदा पाहा, हात नका पाहू. बाजूच्या पाहुण्यालेही सांगतलं, तोही हसला. मंग एक वाजता पुन्हा. भाऊ, मले काही बरोबर नाही वाटत, एकदा बंद करून चालू करून पाहू का?

एकदा बंद करून चालू. — तिनं इचारलं हो. कोणी शिकवलं नाही, कर्नल काय हे तिले माहीत नाही, तिनं आपल्या अकलेनं इचारलं, अन् तेच औषध होतं, तेवढंच, दुसरं काहीच नको होतं. एका मिन्टात नवा कर्नल उठला असता, हीटर बंद झाला असता, एका तासात काय बिघडते, अर्धे वाचले असते, जास्तच वाचले असते. म्यां काय म्हणावं? म्हटलं, वाचता येते का तुमाले? पेटीवर काय लिहलं ते वाचा मले. अन् तिनं वाचलं. फोनवर. बंद करू नये. म्हटलं, मंग? ठेवला फोन.

पाणी घ्या. घ्या थोडंसं. — तिसरा फोन पावणेचारले. तो नाही सांगत. — सांगतो, आता काय राह्यलं. म्हणे, भाऊ, सकाळपासून अंड्यायतून आवाज येत होता, आतून चिवचिव करून राह्यले होते, आता येऊन नाही राह्यला. दार उघडून पाहू का? तवा मले कळायले पाह्यजे होतं. बावीस वर्षं या धंद्यात हाये मी. विसाव्या दिवशी पिल्लू एकदा बोलायले लागलं का गप्प नाही बसत, हे मले नाही माहीत तं कोणाले? कळलंही असंन. आतून कुठं तरी कळलंच असंन. पण जेवणाची पंगत बसली होती, लोक हाका मारून राह्यले होते, अन् मले ते कळूनच घ्यायचं नव्हतं. म्हटलं, दार उघडू नका, ओल जाते. झोपले असतीन. झोपले असतीन म्हटलं म्यां तिले. अन् तिनं नाही उघडलं. माह्या शब्दावर बसून राह्यली ती तिथं, त्या भट्टीपाशी, संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी शंतनुचा फोन आला का पाचातली एक पेटी गप्प झाली. त्यानं त्याच वेळी सगळं वापस घेतलं, पण तुमच्या गप्प पेटीले ते पोचलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्या गावात. तुम्ही नव्हते तवा, शेतात होते म्हणे. दार उघडलं तं वास — तो नका इचारू. म्यां काय केलं? पेटी बंद केली. चालू केली. एका मिन्टात नीट. पुष्पाबाई अन् चार बाया मांगं उभ्या. म्हटलं, पाहा बाई, पेटी तं चांगली हाये. खोटं बोललो का मी? नाही. चांगलीच होती तवा. तेवढं एकच वाक्य बोललो, अन् बाकीचं त्या बायायनं आपापसात जुळवून घेतलं — पेटी चांगली, मंग कोण वाईट? कोणी म्हणे झोपली असंन, कोणी म्हणे फोनवरच राहते दिवसभर. मी उभा होतो तिथं, डबा भरून राह्यलो होतो हत्याराचा. अन् पूनमवहिनी दारात. तिनं पाह्यलं, म्यां बंद केली अन् चालू केली. तिनंच पाह्यलं, बाकीच्यायले त्यातलं काय समजते. मले वाटलं आता बोलन. पदर तोंडाले लावला अन् पाहत राह्यली माह्याकडं.

घरी बायको रोज इचारते, का हो, जेवत काऊन नाही. सांगतो, पित्त झालं. तवापासून काय करून राह्यलो माहीत हाये? गाडीले किक मारतो अन् एकेका गावात जातो, त्या राह्यलेल्या पेट्यायपाशी. सांगतो, सर्व्हिसिंग हाये, फुकट. सगळ्यायले बाहेर काढतो, दार लावतो, पेटी बंद करतो, चालू करतो, बाहेर येतो. चोरासारखं. आपल्याच पेटीचं बटन चोरासारखं दाबतो. तेवीस झाल्या. सतरा राह्यल्या. एका फोनचं काम हाये हे — बाई, एकदा बंद करून चालू करा. पण ज्या तोंडानं आयुष्यभर बंद करू नका म्हटलं, त्या तोंडानं बंद करा म्हटलं तं त्या इचारतीन, काऊन? अन् काऊनचं उत्तर धामणगावले जाऊन पोचते. मंग कोण घेईन माही पेटी? अडीचशे गावं, माह्या शब्दावर घेतले त्यायनं. अन् शंतनु तिकडून इचारून राह्यला, राजा, तारीख सांग, जुन्याले किती दिवस धरू, दोन महिने का सहा महिने? त्याले वाटते हा हिशेब पेट्यायचा हाये. त्याले धामणगावचं एवढंच माहीत, का नुकसान झालं अन् राजानं मिटवलं. कसं मिटवलं ते त्यानं नाही इचारलं, म्यां नाही सांगतलं.

तुमालेही सांगायचं नव्हतं. खरं सांगतो, कागद द्यायचा अन् वाटेले लावायचं, एवढंच ठरवलं होतं. — वहिनी कशी हाये? घरी कामात असंन. — नाही? कुठं मंग? — हिवरा आश्रमाले? कार्यक्रम होता का काही? — माहेरी. माहेर हिवऱ्याचं हाये तिचं. किती दिवस झाले? — अकरा. सोता गेली का तुम्ही — बरं. बरं, नका सांगू. उद्या बैठकीत हा कागद वाचणार, मंग गटातून नाव कमी करणार, अन् तुम्ही — तुमच्या घरच्यायनं काय ठरवलं? तिची चूक निघाली तं तिकडंच राहू द्यायचं? आईनं म्हटलं असंन. तुम्ही काय म्हणले? काहीच नाही. हं. म्हणून तुम्ही सोता आले कागद न्यायले. शर्ट इस्त्रीचा घालून, फाईल घेऊन.

एक इचारू? तिनं तुमाले सांगतलं नव्हतं? का त्या दिवशी तीन डाव फोन केला, का बंद करून चालू करू म्हणून इचारलं, अन् मी नाही म्हटलं? — सांगतलं होतं? कधी? — त्याच संध्याकाळी. सगळं? हात लावल्याचं, आवाजाचं? सगळं सांगतलं. मंग तुम्ही काय म्हणले तिले? — राजकुमारभाऊ कायले असं म्हणतीन. असं म्हणले तुम्ही. एवढा शिकलेला माणूस, पेटी बनवणारा, तो कायले चूक सांगन, तूच काही ऐकलं असंन. — राहू द्या. बस झालं. नका सांगू अजून. माह्या शब्दावर तिनं पेटीले हात नाही लावला, अन् माह्याच शब्दावर तुम्ही तिचं खरं नाही मानलं. काय करू मी या शब्दाचं आता? कुठं नेऊन टाकू?

तो कागद काढा फाईलमधून. द्या इकडं. द्या म्हटलं ना. — नाही देत? काऊन नाही देत? दीपकभाऊ, म्यां आत्ता एवढं सांगतल्यावरही तुम्ही तो कागद धरून — हं. समजलं. हा कागद खरा राह्यला तं तुम्ही खरे राहता. खोटा निघाला तं अकरा दिवसाचं काय सांगाल तिले? समजते मले. मले नाही समजणार तं कोणाले? तीन हप्ते मी तेच करून राह्यलो. ठेवा मंग. नाही फाडत मी. दुसरा लिहतो. या कोऱ्या कागदावर लिहतो, शिक्का नको काही नको, पुष्पाबाईचं नाव टाकून — पेटी माह्यामुळं थांबली. पूनमवहिनीनं तीन डाव इचारलं. म्यां नाही म्हटलं. खाली सही. हे पाहा, चार ओळीचंच काम होतं. आता दोन्ही कागद तुमच्यापाशी. कोणता वाचाचा ते तुमच्या हातात, उद्या मी बैठकीले येतो का नाही, हे — येतो. येतो म्हणून बोलून टाकतो, म्हणजे मांगं फिरता नाही येणार. अन् शंतनुले लिहतो, तारीख नाही देत. जोवर त्या सतरा गावात जाऊन, दार उघडं ठेवून, बायायच्या समोर मी तोंडानं सांगत नाही तोवर जुन्यालेही सांभाळ म्हणा. दोन चुली तं दोन चुली.

पण तिले कोण सांगन? उद्या बैठकीत होईन ते होईन, ती तिकडं हिवऱ्याले अकरा दिवसाची बसली. नंबर नका सांगू तुम्ही, माह्यापाशी हाये तिचा नंबर, त्या दिवसाचे तीनही फोन मोबाइलात हायेत, खोडले नाही म्यां. मीच बोलतो. म्हणतो, वहिनी — काय म्हणू? म्हणतो, वहिनी, तुम्ही बरोबर होत्या. बस. तेवढं म्हणता येईन मले. थांबा, लावतो. — रिंग जाऊन राह्यली. — जाऊनच राह्यली. नाव पाहून नाही उचलणार ती, मी असतो तं मीही — उचलला. घ्या. नाही, तुम्ही घ्या, आधी तुम्ही बोला, मंग मी. घ्या ना हो. नवरा हाये तुम्ही तिचा, धरा, हातात धरा हा फोन — तुम्ही तरी — दीपकभाऊ, बोला काही तरी. ती हॅलो हॅलो करून राह्यली.